एका कानात हरणी

वरच्या वस्तीवर कुत्र्याला नाव ठेवायचं तर आधी सुरी लागायची. पिल्लू भाकरी खायला लागलं की त्याला दोन गुडघ्यांत दाबायचं, कानाची पाळी ओढून धरायची आणि कापायची. रक्त वाहत असतानाच त्या कानाशी तोंड नेऊन नाव तीनदा ओरडायचं. मग कापलेला तुकडा भाकरीच्या घासात गुंडाळून त्याच पिल्लाला भरवायचा, जखमेवर चुलीतली राख दाबायची, की झालं बारसं. ज्यानं कापलं, ओरडलं आणि भरवलं, कुत्रं त्याचं. पुढे जन्मभर दुसऱ्या कुणी दूधभात घातला तरी मालक बदलत नाही. ऐकून कुणाला कसंसं होत असेल तर होऊ दे. लोंबता कान बिबट्याच्या दाताखाली आला की अख्खं कुत्रं जातं, हे वस्तीनं डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

भागूबाईला मात्र ते कधीच सोसलं नव्हतं. नवरा होता तोवर कापायचं काम तो करायचा आणि ती हंडा घेऊन झऱ्यावर निघून जायची. तीन पावसाळ्यांमागे नाथा गवत कापताना कड्यावरून गेला. मागे राहिली भागूबाई, तिची शेरडं आणि नाथानं नाव ठेवलेला खंड्या कुत्रा. त्या खंड्याच्या जिवावर ती वरच्या अंगाला एकटी राहत होती. पोटी मूल नव्हतं, आणि दिराच्या दारात जायचं नव्हतं. मिळेल ते खायचं, पण स्वतःच्या चुलीवरचं, एवढाच तिचा हट्ट होता.

शिमग्याच्या आसपास, दिवस मावळायच्या बेताला, बिबट्यानं खंड्याला अंगणातून उचललं. भागूबाई दहा पावलांवर धार काढत होती. कुत्रं ओरडलंही नाही, नुसता हाड मोडल्याचा आवाज झाला. तिनं चरवी फेकून मारली आणि शिव्या देत करवंदीच्या जाळीपर्यंत धावली. तिथं खंड्याचं निम्मं अंग पडलेलं होतं, आणि मागचा पाय अजून झाडत होता. तिनंच दगड उचलून त्याला मोकळं केलं.

आता पंचाईत झाली. ज्याच्या दारात कुत्रं नाही, त्यानं वरच्या अंगाला शेरडं ठेवायची नाहीत, असा वस्तीचा दंडक. शेरडं कोंडायच्या एका वाडग्यात फुकटचा घास मिळाला की जनावर चटावतं आणि मग कुणाचंच वाडगं सोडत नाही. खंड्याची माती वाळायच्या आत तिचा धाकटा दीर रोहिदास दारात उभा राहिला. सोबत त्याची आई, सगुणाबाई.

"वैनी, शेरडं माज्या वाडग्यात घाल. तू बी खाली ये. आईच्यानं आता भाकऱ्या व्हत न्हाईत."

"तुमची बायकू कुठं हाय भाकऱ्या थापायला?" भागूबाईनं विचारलं. विचारायची गरज नव्हती. त्याची बायको नूतन नवऱ्याकडून हात मोडून घेऊन माहेरी गेली होती ती परत आली नव्हती, हे हिर्डोशीपासून भोरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

रोहिदासाची मान तांबडी झाली. म्हातारी मध्ये पडली, "भागे, त्वांड आवर. बाईमानसानं एकटं ऱ्हायचं आसतं व्हय रानात?"

"कुत्रं आनते आत्याबाई. मग तर झालं?"

आणि तिनं आणलं. आंबवड्याला तिच्या मावसबहिणीकडे पिल्लं झाली होती. त्यातली एक कुत्री तिनं निवडली. लांब पायांची, तांबूस, छातीवर पांढरा पट्टा. पिशवीत घालून एसटीनं हिर्डोशीपर्यंत आणली आणि तिथून डोंगर चढत तिच्याशी बोलत राहिली. नाव काय ठेवावं? राणी म्हणावं तर वस्तीतली प्रत्येक दुसरी शेळी राणीच. चंद्री म्हणावं तर ती सासूची मेलेली जाऊ. ठमी, चिमी, साळू, सगळी नावं तिनं चढणीवर मोठ्यानं म्हणून पाहिली. पिशवीतून नुसतं नाक बाहेर येत होतं. मग टेपावर, माथ्याच्या सपाटीवर पोचल्यावर तिनं पिल्लू खाली सोडलं, तर ते गवतातून असं उड्या मारत सुटलं की भागूबाई खुदकन हसली. "हरणी!" ती म्हणाली, आणि पिल्लू वळून तिच्याकडे आलं. तिला वाटलं, नाव लागलं. सुरी लागलीच नाही. रीतभात कोळून प्यायलेल्या बाईनं असं समजावं, हीच तिची चूक.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात पिल्लाला मांडीवर घेऊन बसली होती. अजून धड असलेल्या कानात हळूच सांगत होती, हरणी, हरणी. सगुणाबाईनं लांबून पाहिलं आणि तिला हसू आवरेना. "अगं, वाघरू खायला बसलंया आन तू कुत्रीचं नाव हरनी ठेवतीस? आवतान धाडतीस जनू!" हसत हसत ती खाली गेली, आणि थोड्याच वेळात रोहिदास सुरी घेऊन वर आला.

 भागूबाईच्या मांडीवरून त्यानं पिल्लू मानगुटीला धरून उचललं, जमिनीवर गुडघ्याखाली दाबलं आणि उजवा कान मुळापासून कापला. रीत पाळीची होती, त्यानं मूळ घेतलं. पिल्लू किंचाळलं तेव्हा खाली ओढ्यापर्यंत ऐकू गेलं. त्या भळभळत्या भोकाशी तोंड नेऊन तो ओरडला, "बिजली! बिजली! बिजली!" त्याच्या मिशीला रक्त लागलं होतं.

"माजी हाय ती!" भागूबाई त्याच्या पाठीवर पडली. त्यानं कोपर मारलं ते तिच्या तोंडावर बसलं. समोरचा दात हलला आणि तोंड खारट झालं.

"तुजी? नाव कुनी घातलं? म्या! आता कुत्री माजी, वाडगं माजं, आन तू मुकाट्यानं खाली यायचं." असं म्हणून तो घासाला भाकरी आणायला चुलीकडे वळला.

तेवढी सवड तिला पुरली. कुडाला विळा खोचलेला होता. जी बाई जन्मभर कान कापताना झऱ्यावर पळायची, तिनं विळा घेतला, थरथरणारं पिल्लू मांड्यांत आवळलं आणि डावा कान ओढून धरला. एका ओढीत झालं नाही. दुसऱ्यांदा ओढलं तेव्हा तोही मुळापासून निघाला. पिल्लानं तिच्या मनगटाला दात रुतवले. तिनं रुतवू दिले. "हरणी!" ती ओरडली, "हरणी! हरणी!" भाकरी हाताशी नव्हती, तर तिनं तो तुकडा तोंडातल्या रक्ताथुंकीत कालवून तसाच पिल्लाच्या घशात कोंबला.

रोहिदास घास घेऊन आला आणि बघतच राहिला. मग त्यानं तिला लाथ घातली. पहिली बरगडीत, दुसरी पोटात. तिसरी घालणार तोवर सावळारामतात्या धावत आला. वस्तीतला सगळ्यात म्हातारा माणूस, त्याचा शब्द अजून चालायचा. त्यानं काठी आडवी घातली.

पिल्लू मध्ये पडून दोन्ही बाजूंनी रक्त गाळत होतं. वस्ती गोळा झाली. असा पेच कुणी पाहिला नव्हता. उजव्या कानाचं नाव खरं की डाव्या? आधी कापलं त्याचं की आधी भरवलं तिचं? बाया म्हणाल्या भागीचं, बापे म्हणाले रोहिदासाचं. तात्यानं तंबाखूची चिमूट दाढेखाली धरून पुष्कळ विचार केला.

"कान दोन, नावं दोन," तो म्हणाला. "पुढल्या सुगीपातूर कुत्री वर भागीच्या दारात ऱ्हाईल. रोहिदासानं बी तिला न्यावं, शिकवावं. खरं संकट आलं का ती ज्येच्या हाकंला जाईल, त्येची. वाडगं बी कुत्रीच्या मागनं."

न्याय म्हणून तो बरा होता. पण दोघांचं भांडण एका मुक्या जनावरात घालून ठेवायचं, हे काही शहाणपण नव्हे, असं मला वाटतं. तेव्हा मात्र सगळ्यांनी माना डोलावल्या.

कुत्री वाढली. कानांच्या जागी नुसते दोन खड्डे, त्यामुळे तोंड सापासारखं दिसायचं. भागूबाईनं तिला एकच गोष्ट शिकवली. हरणी म्हटलं की असेल तिथून यायचं आणि पायावर येऊन बसायचं. हाड चघळत असो, घोरपडीच्या मागे असो, सोडून यायचं. खंड्या पायाशी नव्हता म्हणून गेला, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं. तिला कुत्री लढायला नको होती. जवळ हवी होती, भुंकायला आणि जिवंत.

रोहिदासानं दुसरंच शिकवलं. तो तिला दोरीनं बांधून डोंगर ओलांडून वेल्ह्याच्या अंगाला न्यायचा, चोरून डुक्कर मारायला. बिजली म्हटलं आणि ती झेपावली नाही की चाबूक. नाव घ्यायच्या आधी झेपावली तरी चाबूक, झेपावून सोडलं तरी चाबूक. पहिल्यांदा ती परत आली तेव्हा पाठीवर बोटभर जाडीचे वळ होते आणि भागूबाई तिला हळद लावताना रडली. पुढे पुढे वळ कमी झाले. एकदा श्रावणात गवताला गेली असताना तिनं स्वतः पाहिलं. दरडीखाली डुकरानं रोहिदासाला कोंडलं होतं. तो नुसता "बिजली!" म्हणाला, आणि तिची हरणी, तिच्या पायावर झोपणारी हरणी, डुकराच्या कानाला लोंबकळली. डुक्कर तिला दगडांवर आपटत होतं, तरी जबडा सुटला नाही. रोहिदासानं भाला खुपसून डुक्कर पाडलं, आतडी काढली आणि ऊन ऊन तिच्यापुढे टाकली. ती माखलेल्या तोंडानं शेपूट हलवत होती.

भागूबाईनं ओळखलं. कुत्री दोन्ही नावं मानत होती. एक नाव घेतलं की ती येते, दुसरं घेतलं की मरेपर्यंत धरते. संकट आलं तर कुठलं नाव जिंकणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. सुगी जवळ आली तशी तिची झोप उडाली. रोहिदास येता-जाता वाडग्यातल्या करडांच्या पाठी चाचपायचा आणि म्हणायचा, "वैनी, तव्याला राख लावून ठिव. आईला बाजरी चालत न्हाई, नाचनीच लागती."  ती रात्री कुत्रीचं डोकं पोटाशी घेऊन पडायची आणि दिराच्या मरणाचं मागणं मागायची. भैरवनाथाला असलं मागू नये, हेही तिला कळत होतं.

नाचणी कापून झाली. एक दिवस ऊन कलल्यावर रोहिदास दोऱ्या घेऊन आला. करडं सांभाळायला आईलाही आणलं होतं. खालच्या खाचरात सावळारामतात्या आणि चार माणसं भात झोडत होती. त्यांच्याकडे हात करून रोहिदास ओरडला, "तात्या, सुगी झाली! कुत्री माज्या हाकंवर डुक्कर धरती, समद्यांनी बगितलंय! न्हेऊ का वाडगं?"

तात्यानं खालून हात हलवला. तो हो होता की थांब होता, कुणालाच कळलं नाही. रोहिदासानं हो धरला.

तो शेरडांच्या गळ्यांत दोऱ्या अडकवू लागला. भागूबाई दारात उभी. पायाशी कुत्री. सगुणाबाई दोन करडं काखेत धरून अंगणात. एक काळं करडू रोहिदासाच्या हातातून निसटलं आणि मागच्या करवंदीच्या जाळीत घुसलं. तो शिवी देत त्याच्यामागे गेला, खाली वाकला आणि जाळीत हात घालून त्याचा पाय ओढू लागला.

वाकलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही म्हणतात. जाळीच्या वरच्या दगडावरून ते जनावर आलं. पिवळं काहीतरी पडल्यासारखं दिसलं आणि रोहिदास तोंडावर आपटला. बिबट्या त्याच्या पाठीवर होता, दात मानेच्या बाजूला रुतलेले, मागच्या नख्या कंबरेत. रोहिदासानं अंग फिरवलं, एक हात त्याच्या जबड्यात घातला, तर त्यानं मनगट चावून पुन्हा गळा धरला. सदरा टराटरा फाटला, मागोमाग पाठही. त्यानं ओरडायचा प्रयत्न केला. "बि..." एवढंच आलं आणि मग गळ्यातून नुसते फेसाचे बुडबुडे.

कुत्री उठून उभी राहिली होती. पाठीवरचा केस न् केस ताठ, ओठ मागे गेलेले. सगळं अंग धनुष्यासारखं ओढलेलं, आणि डोळे भागूबाईकडे. ती नाव ऐकायला थांबली होती. चाबकानं तिला तेवढंच शिकवलं होतं की नावाशिवाय झेपावायचं नाही.

"बिजली! बिजली!" सगुणाबाई ओरडली. पण म्हातारीचा आवाज चिरकला, आणि कुत्रीला तो ओळखीचाही नव्हता. तिनं मान वळवली नाही. म्हातारीनं करडं फेकली आणि सुनेचा पदर धरला. "भागे, तू म्हन! तुजं ऐकंल ती! बिजली म्हन गं, माजं लेकरू मारतंया त्ये! पाया पडते तुज्या!"

ती खरंच खाली बसून पाया पडत होती. रोहिदासाचे डोळे उघडे होते आणि तेही भागूबाईकडेच होते.

भागूबाईनं तोंड उघडलं. बिजली हे नाव तिच्या जिभेवर आलेलं होतं, अगदी पुरं. ते तिनं गिळलं.

"हरणी!" ती म्हणाली. "हरणी, हितं ये."

मागाहून वस्तीनं म्हटलं, बिचारी घाबरली, सवयीनं तोंडात आलं. म्हणोत बापडे. सवय बिवय काही नव्हती. तिला दोन्ही नावं आठवत होती आणि दोन्हींचा अर्थ ठाऊक होता. त्यातलं एक तिनं निवडलं. आणि त्या क्षणी तिला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

कुत्रीच्या अंगातला ताण सुटला. ती वळली, चार पावलं आली आणि भागूबाईच्या पायावर बसली. तिचं ऊन अंग थरथरत होतं. बिबट्यानं रोहिदासाला तसाच धरून मागे ओढायला सुरुवात केली. त्याच्या टाचा मातीत रेघा काढत गेल्या. सगुणाबाई उठून धावली, मुठीनं माती उचलून त्या जनावरावर फेकली, आणि जाळीच्या तोंडाशी मुलाचा पाय दोन्ही हातांनी धरला. एका टोकाला बिबट्या, दुसऱ्या टोकाला आई. खालून माणसं पत्रे बडवत, बोंबलत वर आली तेव्हा बिबट्यानं सोडलं. पण गळा जवळजवळ उरलाच नव्हता. झोळीत घालून रस्त्यापर्यंत नेईतो तो संपला होता.

जंगलखात्याची माणसं आली, पंचनामा झाला, जाळीजवळ पिंजरा लावला. त्यात बिबट्या आला नाही. दहावं झाल्यावर सावळारामतात्यानं वस्तीपुढे शब्द टाकला. तो खाचरातून वर येत होता तेव्हा त्यानं कानांनी ऐकलं होतं, डोळ्यांनी पाहिलं होतं. भागीनं हाक मारली आणि कुत्री गेली. त्याआधी म्हातारी पाया पडून काय म्हणाली, ते खाली कुणाला ऐकू गेलं नव्हतं. "याच्यापरास मोटं संकट कंचं? कुत्री भागीची. हरनीच खरं नाव. वाडगं बी तिचंच." कुणी आडवं आलं नाही. सगुणाबाई भिंतीला टेकून बसली होती. सुनेनं तिच्याकडे पाहिलं आणि आता सांगेल, मग सांगेल म्हणून वाट पाहिली. म्हातारी काहीच बोलली नाही.

संध्याकाळी ती बोचकं घेऊन वर आली आणि आत जाऊन चुलीपाशी बसली. भागूबाईनं तिच्यापुढे पाणी ठेवलं. 

"आत्याबाई, तुमी सांगितलं का न्हाई?"

"सांगून माजा ल्योक उटून येनार हाय? आन मग मला घास कोन घालनार? दोन ल्योक व्हते, दोनी गेले. ऱ्हाईलीस तू." तिनं पाणी प्यायलं. "नाचनीची कर भाकरी. बाजरी न्हाई चालत मला."

भागूबाईनं नाचणीची केली. जी भाकरी थापायला लागू नये म्हणून तिनं एवढं केलं, तीच ती थापत होती, स्वतःच्या चुलीवर. म्हातारीनं शांतपणे खाल्ली, हात धुतला आणि उंबऱ्यात जाऊन बसली. बाहेर ऊन जाळीवरून निघत होतं. कुत्री वाडग्यापलीकडे उंदराचं बीळ उकरत होती.

"हाक मार तिला," सगुणाबाई म्हणाली.

भागूबाईनं ओठ ओले केले. "यू, यू," तिनं कुणाही कुत्र्याला बोलवावं तसं बोलावलं. कुत्रीनं मान वर केली आणि पुन्हा उकरायला लागली.

"तशी न्हवं. नावानं मार."

"आत्याबाई, तुमच्या पाया पडते. नगं."

"म्या बी पडले व्हते." म्हातारीचा आवाज चढला नव्हता. "मार. रोज मारायची, म्या हाय तवर. मला बगायचंय."

भागूबाई दारात उभी राहिली.  तिनं डोळे मिटले आणि जाळीकडे तोंड करून ओरडली, "हरणी!"

कुत्रीनं बीळ तिथंच टाकलं. मातीनं माखलेलं तोंड घेऊन ती अंगण ओलांडून धावत आली आणि शेपूट हलवत भागूबाईच्या पायावर बसली. सगुणाबाई तिच्या त्या बिनकानाच्या डोक्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"लई लगीच येती गं," ती म्हणाली.